नवी बॅटरी टाकूनही जुन्या पल्सरचा सेल्फ रडत फिरतो. मोटर बदलावी का?

नका बदलू. निदान मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावून बघेपर्यंत तरी नको.

तुमची गाडी 2005 ची पल्सर 180, बॅटरी आठ महिन्यांपूर्वीची, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ मारला की मोटर दमा लागल्यासारखी फिरते. मेकॅनिकने पान्याने बॅटरीवर ठिणगी पाडली आणि सांगितलं, "बॅटरी ओके, मोटर गेली." हे ठिणगीचं वाचलं आणि मला आमचे दाजी दिसायला लागले.

दाजींचं गॅरेज आहे. मी इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात वायरमन. गाडी माझी 2004 ची 180. 2016 साली हौसेने पूर्ण उघडली, चेसीस कोल्हापुरात उद्यमनगरला नेऊन पावडर कोटिंग (भट्टीत भाजून चढवलेला जाड रंग) करून आणली. काळीभोर, तोंड दिसावं अशी. जोडणी दाजींच्या गॅरेजात. पहिल्याच दिवशी सेल्फ मारला तर घुर्रर... घुर्रर... आणि बंद. किक मारली की एका किकमध्ये चालू.

दाजी म्हणाले, "पावणं, बॅटरी गेली तुमची." घेतली नवी. पंधरा दिवसांनी तेच. "पीसच डिफेक्टिव्ह निघाला असंल." घेतली दुसरी. मग मोटर उघडली. कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे) अर्धे शिल्लक होते तरी बदलले, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) पॉलिश पेपरने घासला. थोडा फरक पडला (घासल्यावर पडणारच), म्हणून दाजींचा मुद्दा आणखी पक्का झाला. मग रिले (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा स्विच) बदलला. शेवटी निकाल आला : "गाडी म्हातारी झाली, किक मारत जावा. व्यायाम हुतो." दरम्यान क्लच जड व्हायला लागला होता. त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मी एकदा म्हणालो, "दाजी, मीटर लावून बघू का?" त्यावर गॅरेजातल्या चार लोकांसमोर उत्तर मिळालं : "पावणं, हे माग न्हाईत. गाडी कानानं कळती." दाजी पडले, काय बोलणार.

पुढच्या रविवारी घरीच गाडी घेतली. मदतीला भाचा, दाजींचाच मुलगा, तेव्हा नववीत होता. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. भाचा सेल्फ दाबतोय, मी आकडे बघतोय. नुसती बॅटरी 12.7. सेल्फ दाबल्यावर 11.2. इथेच थांबून विचार करा. मोटर रडतेय आणि बॅटरी मात्र 11 च्या वर निवांत बसलीय, म्हणजे तिच्याकडून पुरेसा करंट कुणी मागतच नाहीये. वाटेत कुठेतरी अडतोय. मरतुकडी बॅटरी असती तर आकडा 8 च्या खाली कोसळला असता.

मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमवर. सेल्फ दाबला. इथे 0.2, फार तर 0.3 यायला हवं. आलं 3.1. लाल पिन चेसीसच्या बोल्टवर नेली : 0.1. म्हणजे बॅटरी ते चेसीस ठीक, चेसीस ते इंजिन या टप्प्यात तीन व्होल्ट जळतायत. मोटरला उरतात जेमतेम आठ.

मी इंजिनच्या माउंटिंगकडे (इंजिन चेसीसला बोल्टने बसतं तिकडे) बघत होतो तेवढ्यात भाचा हँडलपाशी म्हणाला, "मामा, क्लचची केबल गरम लागतीया."

हात लावला. खरंच, भाकरी टोपलीत ठेवल्यावर लागते तशी कोमट. माउंटिंगच्या जागा कोटिंगने झाकलेल्या, धातूला धातू नीट भिडत नव्हता, म्हणून करंटने क्लचची केबल धरली होती. आतलं प्लॅस्टिक मऊ पडून तार घासत होती, म्हणून क्लच जड. दोन महिने आम्ही क्लचला तेल पाजत होतो!

माउंटिंगच्या बोल्टखालचं कोटिंग कानशीने खरवडलं, बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या बोल्टला एक जाड वायर थिंबल (टोकाची धातूची कडी) लावून जोडली आणि क्लचची केबल नवी टाकली. तोच आकडा 0.15 वर आला आणि सेल्फ पहिल्या दाबाला. जाड वायरचा तुकडा कारखान्यातला, उरलासुरला.

हॉर्नवरून बॅटरी ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्या : हॉर्न दोन-तीन अँपिअर खातो, सेल्फ पन्नासच्या आसपास, सुरुवातीच्या झटक्याला त्याहून जास्त. माझ्या त्या खराब जागेचा रोध निघाला जेमतेम 0.06 ओहम. मीटर बीपवर ठेवलात तर तो आनंदाने बीप वाजवणार, टेस्ट लॅम्पही लख्ख पेटणार. लोड चालू असतानाच, म्हणजे सेल्फ दाबलेला असतानाच, व्होल्टेज बघायला हवं. कारखान्यात मागाची मोटर गुरगुरायला लागली तर आम्ही आधी स्टार्टरच्या (मागाची मोटर चालू करणाऱ्या स्विचच्या) जोडण्या बघतो, मोटर रिवाइंडिंगला काढत नाही. हे माग नाहीत म्हणे!

आणि ती ठिणगी. चार्जिंगवरच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तोंडावर बॅटरी फुटली म्हणजे कळेल कान कशाला असतात.

तर तुम्ही काय करायचं : आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. सेल्फ दाबताना बॅटरीच्या दोन खुंटांवरचा आकडा बघा. 11 च्या आसपास राहिला तर वाट तपासा : मायनस ते इंजिन, मग प्लस ते मोटरचा खुंट, मग रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये. प्लसच्या बाजूला सगळं मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तिथे घाण किंवा सैल जोड आहे. गाडी पटकन चालू होत नाही हे इथे सोयीचं, आकडा वाचायला वेळ मिळतो. पण पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका आणि मध्ये मोटरला गार होऊ द्या.

मोटरचे कार्बन संपले असले किंवा कम्युटेटर काळा पडला असला तरीही आकडा वरच राहतो, हे आधी सांगायला हवं होतं. वाट सगळी साफ निघाली तर मोटर उघडाच. आकडा 9 च्या खाली कोसळला तर एकतर बॅटरी, नाहीतर मोटर जाम : बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) चुंबकाला घासतं. अशा वेळी ओळखीच्या गाडीची चांगली बॅटरी लावून बघा. आठ महिन्यांची बॅटरीही जाते. रोज गल्लीत दोन किलोमीटर फिरवलीत तर चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. तेवढ्यापुरते दाजी बरोबर. मोटर नुसती भिरभिरते आणि इंजिन हलत नाही, असं असेल तर मात्र तो स्टार्टर क्लच (मोटरची फिरकी इंजिनला पोचवणारा भाग), हे सगळं लिहिलेलं तुमच्या कामाचं नाही.

लोकल मोटर की कंपनीची, हे तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. आकडे इथे टाका, मग बघू. बहुतेक मोटर घ्यायची वेळ येणार नाही.

दाजी अजून सांगतात की दुसरी बॅटरी चांगली लागली म्हणून गाडी सुधारली. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरही हेच झालं. मी चिवडा खात राहिलो. भाचा आता गॅरेजात बसतो. मीटर त्याने घेतलंय, स्वतःच्या पिशवीत ठेवतो. दाजी जेवायला गेले की काढतो.