छोट्या एचबीसीयूत शिकणाऱ्या मुलीने सोरोरिटीत जावं का?

तुमच्या मुलीला अमेरिकेतल्या एका छोट्या एचबीसीयूत, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठात, प्रवेश मिळालाय. सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थिनींची सभासद निवडून घेणारी संघटना, ही नुसत्या पार्ट्या का आणि तिने त्यात पडावं का, असं तुम्ही विचारलंय. मी दक्षिणेतल्या अशाच एका विद्यापीठात गणित शिकवते. मला विचाराल तर जाऊ द्या, पण पहिल्या वर्षी नको. बहुतेक ठिकाणी पहिल्या सत्रात घेतही नाहीत, ठरावीक जीपीए, म्हणजे सरासरी गुण, लागतो.

सिनेमात दिसतात तसे सोरोरिटींचे बंगले आमच्याकडे नाहीत. प्रत्येक संघटनेचा कॅम्पसवर एक ‘प्लॉट’ असतो. तिच्या रंगांत रंगवलेले बाक, एखादं झाड, एखादा कोरीव दगड. कृष्णवर्णीयांच्या अशा नऊ संघटना आहेत, मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटी मिळून. त्यांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. पहिली अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी, 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी अगदी मोजके, गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत त्यांना जागा नाही, म्हणून सात जणांनी एकमेकांना धरून टिकायचं ठरवलं. 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या एचबीसीयूत अल्फा काप्पा अल्फा ही त्यांतली पहिली सोरोरिटी निघाली. 1913च्या जानेवारीत डेल्टा सिग्मा थीटा आली, आणि मार्चमध्ये त्या मुली वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या मोर्चात चालल्या. स्टेप शो, म्हणजे या संघटनांचा पायांच्या ठेक्यावरचा नाच, बघताना हा वारसा माहीत असावा, म्हणजे त्या पायांच्या ठेक्यातला अभिमान कळतो.

सभासदत्व जन्मभराचं असतं. कमला हॅरिस 1986 मध्ये हॉवर्डला शिकताना अल्फा काप्पा अल्फात आल्या आणि आजही त्यांची ओळख तीच आहे. पदवीनंतर शहराशहरांत चॅप्टर, म्हणजे शाखा, असतात. तिथल्या बायका शिष्यवृत्त्या देतात, मतदारनोंदणी करतात, नव्या गावात आलेल्या मुलीला घर शोधून देतात. माझ्या मते मुलीने आधी या मोठ्या बायकांकडे बघावं. त्यांच्यासारखं व्हावंसं वाटलं तरच अर्ज करावा. सभासद होण्यासाठी कृष्णवर्णीय असावं लागत नाही, पण या इतिहासाबद्दल मनापासून आदर हवा. तो नसला तर लगेच ओळखू येतं.

छोट्या कॅम्पसची एक गोष्ट तुम्हाला दुरून दिसणार नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘लाइन’मध्ये, म्हणजे एकत्र दाखल होणाऱ्या तुकडीत, कधी तीनच मुली असतात. प्रोबेटच्या दिवशी, म्हणजे नव्या सभासदांना सगळ्यांसमोर आणतात तेव्हा, अख्खं ‘यार्ड’, म्हणजे सगळा कॅम्पस, जमतं. मुखवटे घातलेल्या मुली संस्थापकांची नावं खड्या आवाजात म्हणतात, मुखवटे उतरले की आया रडतात. मलाही दरवेळी भरून येतं. पण जिला घेतलं नाही ती दुसऱ्या दिवशी त्याच मुलींशेजारी जेवायला बसते. मोठ्या विद्यापीठात हे दुःख गर्दीत लपतं, इथे लपायला जागा नाही. तेव्हा गायनवृंद, बँड, विद्यार्थी परिषद असं आपलं दुसरं घर तिने आधीच उभं केलेलं असावं.

आणि हेझिंग, म्हणजे नव्यांचा छळ, आपल्याकडच्या रॅगिंगसारखा. 1990 मध्ये या संघटनांनी नव्यांना दीर्घकाळ पारखून घेण्याची जुनी ‘प्लेजिंग’ पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी चोरून काही ठिकाणी चालतंच. 2024च्या अखेरीस झालेल्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना अशा घटना जाहीर करणं भाग पाडलंय. रात्री-अपरात्री बोलावणं, मारणं, उपाशी ठेवणं, ‘घरी सांगायचं नाही’ अशी शपथ घालणं, यातलं काहीही घडलं तर तिने त्याच दिवशी डीनच्या कार्यालयात जावं. तुम्ही तिला हे विमानात बसण्याआधी सांगा, आणि असा फोन आला तर आपण रागावणार नाही, हेही सांगा.