‘हान काळाची’ जेडची चकती: तिच्यावरच्या खुणा कशा वाचायच्या

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: साडेपाच सेंटिमीटरची, मध्ये भोक असलेली हिरवट-पांढरी चकती. एका बाजूला उठावाचे दोन ड्रॅगन, एक मोठा आणि एक लहान. दुसऱ्या बाजूला दाण्यांची नक्षी. मधूनमधून तपकिरी डाग. विकणारा तिला हान काळाची, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणतो. ती खरी की बनावट, आणि तिचा अर्थ काय?

वर्णनावरून ती हान काळाची वाटत नाही. पण म्हणून लगेच बनावटही म्हणू नका. चीनमध्ये जुन्या घडणीला मान देऊन नव्याने वस्तू घडवण्याची स्वतंत्र परंपरा आहे. तिला ‘फांग-कु’ म्हणतात. सुंग काळात (दहावे ते तेरावे शतक) प्राचीन काशाची भांडी आणि जेड यांच्या सचित्र सूची तयार झाल्या आणि कारागिरांच्या हाती नमुने आले. मिंग काळात (चौदावे ते सतरावे शतक) ही आवड श्रीमंत विद्वानांच्या मेजापर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या छ्येनलुंग बादशहाच्या काळात (अठरावे शतक) तिने कळस गाठला, कारण १७५९ साली वायव्येकडचा शिनच्यांग प्रदेश ताब्यात आल्यावर तिथल्या खोतान आणि यारकंदचे जेड थेट येऊ लागले. त्याच्या काही वस्तूंवर तर ‘महान छिंग, छ्येनलुंग, पुरातनाप्रमाणे’ अशी मुद्राच कोरलेली असते. तिथे लपवाछपवी कसलीच नाही. फसवणूक सुरू होते ती पुढे कुणीतरी वस्तूचे वय वाढवून सांगतो तेव्हा.

आता अर्थ. या वस्तूंवरची चिन्हे दोन थरांत वाचावी लागतात: मूळ काळी काय होते आणि नक्कल करणाऱ्याला काय अभिप्रेत होते. भोकाच्या चकतीला ‘पी’ म्हणतात. ‘पी म्हणजे आकाश आणि चौकोनी नळकांडे त्सुंग म्हणजे पृथ्वी’ हे सगळीकडे लिहिलेले सापडते. त्याचा आधार ‘चौ-ली’ हा विधिग्रंथ: निळसर पी आकाशाला, पिवळा त्सुंग पृथ्वीला. पण ल्यांगचू या चीनमधल्या अश्मयुगीन संस्कृतीतले पी आणि त्सुंग या ग्रंथाच्या कितीतरी शतके आधीचे आहेत. त्यांच्या मूळ अर्थाबद्दल ग्रंथाचा दाखला चालत नाही. छिंग कारागिराला मात्र ग्रंथातला अर्थ ठाऊक होता, त्यामुळे तुमच्या चकतीसाठी तो लागू धरायला हरकत नाही.

दाण्यांची नक्षी म्हणजे अंकुरलेले धान्य. त्याच ग्रंथात दाण्यांचा पी एका दर्जाच्या सरदाराने हाती धरायचा, लव्हाळ्याच्या विणीचा पी त्याखालच्या दर्जाच्या, असा नियम आहे. धान्य माणसाला पोसते, म्हणून ते चिन्ह. ड्रॅगन आहेत ते बिनशिंगांचे ‘छीलुंग’. मोठा आणि लहान समोरासमोर असले तर ‘ड्रॅगन पिल्लाला शिकवतो’ असा अर्थ: बापाने मुलाला वाढवावे, मुलाने मोठे पद मिळवावे. हा अर्थ उशिराच्या काळात रुजलेला आहे. ड्रॅगनच्या तोंडात लिंगझी (दीर्घायुष्याची बुरशी) असेल, तर हान काळाचा विषयच संपला. एका बाजूला उठावाचे छीलुंग आणि दुसऱ्या बाजूला दाणे, ही जोडी मिंगच्या उत्तरार्धापासून छिंगपर्यंत फार आवडती होती.

दहापट भिंगातून दाणे बघा. प्राचीन कामात दाण्याला टोकदार वळसा असतो आणि आजूबाजूचा पृष्ठभाग बारकाईने खाली उतरवलेला असतो. उशिराच्या कामात पोकळ नळीच्या ड्रिलने दाणे काढल्यामुळे प्रत्येकाभोवती गोल चर राहतो आणि दाणे चपटे, एकसारखे दिसतात. जेड छिन्नीने तासले जात नाही, कठीण वाळूने झिजवले जाते. पायाने फिरवायच्या चाकाची रेघ टोकाला निमुळती होते आणि कोपऱ्यात थोडी पुढे सरकते. रेघा एकसारख्या रुंद, समांतर आणि खरखरीत दिसल्या तर विजेवरच्या हिऱ्याच्या हत्याराचा संशय घ्या.

डागांनी लोक सर्वाधिक फसतात. तपकिरी रंग तीन कारणांनी येतो: नदीतल्या गोट्याची साल, जमिनीत पुरलेले असणे, किंवा मुद्दाम रंगवणे. साल ही गोट्याची बाहेरची बाजू, म्हणून ती कडेवर आणि उंच भागावर टिकते. खोल कोरलेल्या जागी ती निघून गेलेली असते. पुरल्याने झालेला बदल दगडाच्या कमकुवत भागातून जातो, नक्षीचा उंचसखलपणा बघत नाही. रंग मात्र भेगांत आणि खोबणींत साचतो आणि त्याची छटा सगळीकडे एकच असते.

मुळात दगड जेड आहे का, हे घरी तपासता येते. ०.०१ ग्रॅमचा सोनारी काटा घ्या. चकतीचे कोरडे वजन करा, समजा ४१.३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने चकती पूर्ण बुडेल अशी लटकवा. काटा १४.० दाखवत असेल तर घनता ४१.३ भागिले १४.० म्हणजे २.९५. जेडच्या दोन प्रकारांपैकी नेफ्राइट साधारण २.९ ते ३.१ मध्ये येते, जेडाइट ३.३ च्या आसपास; जेडसारखा दिसणारा मऊ दगड सर्पेंटाइन २.६ च्या जवळ. चकती तळाला टेकली किंवा भोकात हवेचा बुडबुडा अडकला तर उत्तर कमी येते, म्हणून तीनदा मोजा. जेडाइट निघाले तर हान काळ बाद: ब्रह्मदेशातले हे जेड चीनमध्ये अठराव्या शतकात लोकप्रिय झाले. चाकूने ओरखडा काढून बघू नका. सर्पेंटाइन असेल तर वस्तू कायमची बिघडेल.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू पाहा. खऱ्या झिलईची नजर छायाचित्रांवरून तयार होत नाही.

पुढचे फोटो टाकताना भोकाची आतली कड, दोन-तीन दाणे अगदी जवळून आणि लहान ड्रॅगनचे तोंड तिरप्या उजेडात घ्या. सोबत घनतेचा आकडा लिहा.