डी अँझातून केमिस्ट्री घेतली तर मेडिकल स्कूल नाक मुरडेल का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. पुण्यातून बीई, इकडे एमएस, मग सनीवेलमध्ये सात वर्षं सॉफ्टवेअर, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, वय 31 आणि आता डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी आधी करावे लागणारे सायन्सचे कोर्स (प्रीरिक्विझिट) संध्याकाळी डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) केले तर ॲडमिशन कमिटी कमी लेखेल का, असं विचारलंय तुम्ही.

सरळ सांगते, काही ठिकाणी थोडं लेखतात. पण नोकरी आणि घर सांभाळून शिकणारा माणूस कम्युनिटी कॉलेजातच जाणार हे त्यांनाही कळतं आणि बहुतेक मेडिकल स्कूल्स ती क्रेडिट्स घेतात. मला काळजी वेगळीच आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही.

ती म्हणजे तुमची बीई. मेडिकलचा जो कॉमन अर्ज असतो, एमकास, त्यात भारतातले मार्क जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरतच नाहीत, एमएसचा जीपीए वेगळा दाखवतात, म्हणजे तुमचा अंडरग्रॅड जीपीए म्हणून कमिटीला जे दिसणार ते फक्त तुम्ही आता घ्याल ते कोर्स! इथे शिकलेल्या मुलाचा एखादा सी चार वर्षांच्या मार्कांत खपून जातो, तुमचा नाही खपणार. कोर्स परत करून ए आणला तरी एमकास दोन्ही ग्रेड धरतं, जुनी पुसली जात नाही.

आणि बऱ्याच स्कूल्सना बॅचलर्स डिग्रीच अमेरिकेतली किंवा कॅनडातली लागते. काही ठिकाणी इथली ठरावीक क्रेडिट्स चालतात, एमएस कुठे धरतात कुठे नाही, प्रत्येकाचं निराळं. म्हणून रजिस्ट्रेशनच्या आधी एएएमसी या मेडिकल स्कूल्सच्या संघटनेच्या एमएसएआर नावाच्या माहितीसंग्रहातून तुमच्या आवडीच्या स्कूल्सची यादी काढा आणि प्रत्येकाला ईमेल टाका, की माझी बॅचलर्स भारतातली आहे, एमएस इथली, प्रीरिक्विझिट्स कम्युनिटी कॉलेजातून करतेय, चालेल का. उत्तरं जपून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे पण कृपा करून टाळू नका, दोन वर्षं अभ्यास करून मग हे कळलं तर फार जिव्हारी लागेल.

आता कोर्सचं. डी अँझा क्वार्टरवर (साधारण तीन महिन्यांचं सत्र) चालतं, जनरल केमिस्ट्री वन-ए, बी, सी आणि मग ऑरगॅनिक ट्वेल्व्ह-ए, बी, सी, असे एकामागून एक सहा क्वार्टर, मधे उडी मारता येत नाही. वन-ए 5 युनिटचा, कॅलिफोर्निया रेसिडेंटला युनिटला 31 डॉलर म्हणजे 155 आणि वर किरकोळ फी, त्यामुळे पैशाचं टेन्शन नाही, टेन्शन लॅबच्या वेळेचं. संध्याकाळचे सेक्शन पटकन भरतात. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा आणि प्रोफेसरना ॲड कोड (वर्गात नाव घालायचा कोड) मागा, जागा अशाच मिळतात. बायोकेमिस्ट्री मात्र चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतून घ्या, एमकॅट या प्रवेशपरीक्षेलाही ती लागतेच.

हिशोब असा धरा, 33 ला प्रीरिक्विझिट्स संपतील, अर्ज केला की ॲडमिशन पुढच्या वर्षी म्हणून 34, एमडी (इथली चार वर्षांची डॉक्टरकी) 38 ला, फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षं म्हणजे 41. मला हे वय जास्त वाटत नाही, पण घरी आत्ताच बोला, कारण जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी शिक्षणकर्ज बंद, मेडिकलला फेडरल लोन वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलरपर्यंतच. वरचे पैसे कुठून येणार ते नवऱ्याला आणि तुम्हाला दोघांना माहीत हवं.

फॉलला एकच कोर्स घ्या, केम वन-ए. फिजिक्स नको, बायो नको आणि नोकरी अजिबात सोडू नका. शनिवारी एखाद्या हॉस्पिटलात किंवा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे) व्हॉलंटियरिंग सुरू करा, पेशंटजवळ बसून तुम्हाला कसं वाटतं ते त्यातच कळेल. ए आला तर विंटरला वन-बीसोबत बायो जोडू. स्कूल्सची उत्तरं आली की मला पाठवा, डिसेंबरमध्ये ग्रेड लागली की पुढचं ठरवू.