पूर ओसरल्यावर तज्ज्ञांनी काय करायचं?

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा आम्ही काही अभियंते, डॉक्टर आणि सीए मित्र माढा-मोहोळकडे धान्य, चादरी घेऊन गेलो. पुन्हा अशी वेळ आली तर आमच्या शिक्षणाचा उपयोग व्हावा असं वाटतं. घरं उभारण्यात अभियंत्याचं काम कुठून सुरू होतं?
– स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर

उत्तर : आधी उभ्या असलेल्या घरांकडे जा. पडलेल्या घरात कुणी झोपत नाही; पोट सुटलेल्या भिंतीशेजारी मात्र त्याच रात्री अंथरूण पडतं.

आपल्याकडच्या जुन्या भिंतीला आत-बाहेर दगड आणि मधे माती-चिपांची भर असते. पाणी चढलं की ही भर भिजून खाली बसते आणि दगडांना बाहेर ढकलते. पाणी उतरताना बाहेरून मिळणारा त्याचा आधारही जातो. म्हणून कित्येक भिंती पूर ओसरल्यावर कोसळतात. ओळंबा लावून पाहा, पोट दिसलं तर माणसं बाहेर काढा आणि टेकू द्या.

मग माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, हलकं करा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट पांढरी माती म्हणजे २०० घनफूट, कोरडी असतानाच सुमारे नऊ टन. दरवर्षी गळतीवर नवा थर चढतो, जुना कुणी काढत नाही. सगळी माती उतरवून जाड प्लास्टिक अंथरा आणि वर १५-२० सेंमीच माती घाला. माती कडेकडेने, सगळीकडून सारखी उतरवायची. एकच बाजू मोकळी केली तर तुळया सरकतात.

भिंत शिवायची ती यानंतर. साधारण मीटर-मीटर अंतरावर दगड हाताने सैल करून आरपार भोक पाडा (घणाने नको, शेजारचे दगड हलतात), त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरा. नव्या भिंतीत तर आरपार जाणारे दगड बांधतानाच घालायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात इतकी माणसं गेली, त्यामागे हीच दोन मोठी कारणं होती : आरपार दगड नसलेल्या जाड भिंती आणि डोक्यावरची माती.

भेगा लगेच बुजवू नका. पाया काळ्या मातीत असेल तर ती सुकताना आकसते आणि भेग पुन्हा उघडते. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे.

हे सगळं गावच्या गवंड्याच्या हातून करून घ्या. तुम्ही परत जाल, पुढची घरं तोच बांधणार आहे. आणि आराखडा घरच्या बायकांना दाखवल्याशिवाय पक्का करू नका. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सुटसुटीत घरं मिळाली. पण जनावरं, कडबा, चूल यांना जागा कमी पडली आणि लोकांनी पुढे पत्र्याची शेड वाढवली. ही चूक तज्ज्ञांची होती, लोकांची नव्हे.

प्रश्न : पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकावी?
– निवृत्त औषधनिर्माता, बार्शी

उत्तर : आधी गढूळ पाणी उपसा, गाळ काढा, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर खोली असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ९५ ग्रॅम पावडर लागते. बादलीत कालवून निवळी विहिरीत सोडा, चुन्याचा साका नको. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, ते दाखवणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवा. उघडं पोतं दमट खोलीत पडलेलं असेल तर पावडरीत दम उरलेला नसतो, मग हिशेब बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही.

प्रश्न : आम्हा सीए लोकांना करण्यासारखं काय आहे?
– वाचक, पंढरपूर

उत्तर : भरपूर आहे, आणि ते पुराआधीच करायचं आहे. मदत अडकते ती बहुधा नावात. सातबारा किंवा घराच्या नमुना ८ वर (ग्रामपंचायतीतल्या नोंदीवर) वारलेल्या आजोबांचंच नाव असतं, आधार आणि पासबुकातलं नाव जुळत नाही, खातं आधारशी जोडलेलं नसतं. उन्हाळ्यात एका गावात चार रविवार बसा. मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंदीचे अर्ज भरून द्या, नावांतले फरक दुरुस्त करून घ्या. आणि प्रत्येक घराला सांगून ठेवा : पंचनामा होईपर्यंत पडझडीचा ढिगारा हलवायचा नाही, धोका म्हणून हलवावाच लागला तर आधी चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढायचे.