कंपनी बंद होतेय आणि एचआर राजीनामा मागतोय. द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतला ८० कामगारांचा कारखाना, तुमची सर्व्हिस ११ वर्षं ७ महिने, बेसिक आणि डीए मिळून २२ हजार. मालक पुढच्या महिन्यात इथलं काम कायमचं बंद करून मशिनरी गुजरातला नेणार. एचआर म्हणतो, राजीनामा लिहून द्या, वर दोन पगार देतो.

देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण उद्या सकाळी केबिनमध्ये बोलावलं तर एवढं डोक्यात असू द्या.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. मस्टर, रजा, ओव्हरटाइम सगळं माझ्या हाताखालून जायचं. कारखाना बंद करताना आम्हाला चार-चार जणांना आत बोलावलं आणि इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'हिशोबाचा कागद आहे,' म्हणाले. चाळीसेक जणांनी सह्या केल्या. त्यात मीही होतो. बाकीच्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. पण सोबत चेक दिसला आणि वाचायचं राहून गेलं. त्यात लिहिलं होतं की आम्ही घरगुती कारणास्तव स्वखुशीने नोकरी सोडत आहोत. चाळीस जणांना एकाच दुपारी घरगुती कारण! कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, 'सही तुमचीच ना?'

सगळा खेळ इथेच आहे. नोकरी मालकाने संपवली तर त्याच्यावर नोटीस आणि भरपाईची जबाबदारी येते. तुम्ही सोडली तर येत नाही. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे असंच होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे.

तुमचा हिशोब मांडून बघू. भरपाई दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १२ वर्षं. अर्धा पगार ११ हजार, गुणिले १२, झाले १,३२,००० रुपये. एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर त्याबदली २२,०००. ग्रॅच्युइटी वेगळी: तिथे महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून २२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, साधारण १,५२,३०० रुपये. शिल्लक रजा आणि बोनस यावर आणखी. प्रॉव्हिडंट फंड तर तुमचाच आहे, तो यात मोजूच नका.

आता गंमत बघा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते. ती देतोय म्हणून एचआर उपकाराचा आव आणत असेल तर हसून सोडून द्या. राजीनाम्याने तुमचे जातात ते भरपाई आणि नोटिशीचे १,५४,०००. त्याच्या बदल्यात तो देतोय ४४,०००.

'कंपनी तोट्यात आहे, भरपाई परवडत नाही,' हेही ऐकवतील. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची कमाल मर्यादा लागते, हे खरं. पण नुसती पैशांची अडचण, तोटा, माल पडून राहणं किंवा जागेचा करार संपणं ही अटळ कारणं धरायची नाहीत, असं कायद्यानेच लिहून ठेवलंय. तुमच्याकडे तर मशिनरी दुसरीकडे नेऊन धंदा चालूच राहणार आहे. कंपनी जिवंत असली तरी तुमची कामाची जागा कायमची बंद झाली की कायद्याच्या भाषेत ते क्लोजरच.

तुमच्याकडे ५० च्या वर कामगार आहेत, त्यामुळे मालकाने बंद करण्याच्या किमान ६० दिवस आधी कारणांसकट सरकारला नोटीस द्यायला हवी. 'पुढच्या महिन्यात बंद' म्हणतात, मग ती नोटीस गेली आहे का? लेखी विचारा. सरकारची आगाऊ परवानगी मात्र ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यालाच लागते (पूर्वी हा आकडा १०० होता), म्हणजे तुमच्या मालकाला नाही. ५० च्या आतल्या छोट्या युनिटला ६० दिवसांची नोटीस माफ आहे, भरपाई माफ नाही. हे कित्येक वर्कशॉपवाल्यांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून ते गप्प बसतात.

एक अडचण आधीच सांगतो. कामगार कपातीत, म्हणजे कारखाना चालू ठेवून काही जणांना कमी करताना, भरपाई हातात दिल्याशिवाय कपात कायदेशीर ठरत नाही. क्लोजरमध्ये तसं नाही. पैसे द्यायचे राहिले म्हणून क्लोजर रद्द होत नाही, पैसे वसूल करत बसावं लागतं. म्हणून मशिनरी गेटबाहेर पडायच्या आत सगळ्यांनी मिळून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. रिकामी शेड राहिल्यावर बोलणी करायला समोर कोणी उरत नाही. नव्या संहितेतला रीस्किलिंग फंड, म्हणजे १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात, हा फक्त कपातीसाठी आहे. त्याची वाट बघू नका.

राजीनामा मिळाला नाही की बहुतेक वेळा बदलीचं पत्र येतं: 'सोमवारपासून गुजरातला हजर व्हा.' गेलं नाही की गैरहजर दाखवायचं, मग 'नोकरी सोडून गेला' म्हणायचं. नेमणूकपत्रात बदलीचं कलम आहे का ते आजच काढून बघा. पत्र आलंच तर तोंडी वाद घालू नका. राहण्याची सोय, पगार, सर्व्हिस सलग धरणार का, हे लेखी विचारा आणि इथे गेट उघडं आहे तोवर रोज हजेरी लावा.

पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, हजेरीचे फोटो घरी आणून ठेवा. भरपाईसाठी गेल्या बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस भरले असले पाहिजेत. यात पगारी रजा मोजतात. ईएसआय कापला जात असेल तर त्यांच्या शाखेत बेकारी भत्त्याची चौकशी करा, कारखाना बंद पडलेल्यांसाठी त्यांची योजना आहे. तुम्ही सुपरवायझर असाल आणि काम खरोखर देखरेखीचं असेल तर १८ हजारांच्या वरच्या पगाराला हे संरक्षण मिळत नाही. नुसतं कार्डावर 'सुपरवायझर' छापलं म्हणून मात्र कोणी सुपरवायझर होत नाही. हातात पान्हा असेल तर तुम्ही कामगारच.

तुमच्यातल्या कुणाची सही झालीच असेल तर त्याने आजच्या आज स्पीड पोस्टाने पत्र टाकावं: सही दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेतो, कामावर यायला तयार आहे. आम्ही हे पत्र सात महिन्यांनी पाठवलं होतं.