कापसाच्या नोंदी आणि फिरता एजंट

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील चार गावांत आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची कापूस संकलन केंद्रे आहेत. काटापट्ट्या, ओलाव्याची टक्केवारी आणि मालाचे फोटो तेथील संगणकांवर साठतात. रात्री सगळ्या नोंदी मुख्य कार्यालयात मागवताना रेंज जाते आणि काम अर्ध्यावर राहते. फिरता सॉफ्टवेअर एजंट वापरल्यास नेटवर्कवरचा भार कमी होईल काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : होईल, मात्र त्याआधी एक सोपा उपाय करून पाहावा, असे माझे मत आहे. फिरता एजंट म्हणजे स्वतःची आज्ञावली आणि तोवर जमवलेली माहिती बरोबर घेऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा, नोंदी जागेवरच चाळून फक्त हवे तेवढे उचलणारा प्रोग्राम. जनरल मॅजिक या कंपनीची टेलिस्क्रिप्ट ही असे एजंट लिहिण्याची भाषा आणि आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतील ॲग्लेट्स ही फिरत्या एजंटांची प्रणाली यांमुळे १९९०च्या दशकात या कल्पनेचा बराच गाजावाजा झाला.

समजा, प्रत्येक केंद्रावर फोटोंसह २० एमबी नोंदी आहेत आणि तुम्हाला हव्यात केवळ १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याच्या काटापट्ट्या, कारण हमीभावाच्या खरेदीत भारतीय कापूस महामंडळ त्यापुढचा माल घेत नाही. अशा नोंदी केंद्रामागे १० केबी धरू. सगळेच मागवले तर ८० एमबी होतात. ६० केबीचा एजंट चारही केंद्रे फिरून परतला, तर पाच टप्प्यांचे ६०, ७०, ८०, ९० आणि १०० मिळून ४०० केबी होतात, कारण आधीच्या केंद्राचे ओझे त्याला पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा वाहावे लागते. पण प्रत्येक केंद्राच्या डेटाबेसला साधी क्वेरी, म्हणजे ठरावीक नोंदीच मागणारी विचारणा, पाठवली, तर चाळणी तिथेच होऊन जेमतेम ४० केबी येतात! आज तुमची गरज एवढीच असेल, तर एजंटच्या भानगडीत पडू नये.

एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो आणि दोन्हीकडून शेकडो निरोपांची ये-जा होते, तिथे एजंट खरा उपयोगी पडतो. एकदा तो केंद्रावर पोचला की रेंज गेली तरी काम थांबत नाही आणि जोडणी आल्यावर तो परततो. त्यासाठी आज्ञावली केंद्रांवर आधीच बसवून फक्त माहिती फिरती ठेवावी, वीज गेल्यास काम वाया जाऊ नये म्हणून ती वरचेवर डिस्कवर जतन करावी आणि पोच मिळेपर्यंत मूळ प्रत पुसू नये. केंद्राच्या संगणकाने एजंटची डिजिटल सही तपासूनच त्याला आत घ्यावे. उलट, ज्या संगणकावर एजंट चालतो तो त्याच्याजवळचे सगळे वाचू शकतो. म्हणून शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्याच्याबरोबर केंद्रोकेंद्री फिरवू नयेत.