सूफी संप्रदाय म्हणजे कव्वाली आणि दर्गे, एवढंच का? समाजावर त्यांचा खरोखर काही परिणाम झाला का?

झाला, आणि माझ्या मते तो गाण्याबजावण्यापेक्षा संघटनेमुळे जास्त झाला.

सुरुवातीचे सूफी एकटेदुकटे विरक्त. ९२२ साली बगदादेत मन्सूर हल्लाजला देहान्त शिक्षा झाली, तेव्हा त्याच्यामागे उभा राहील असा कुठला ‘सिलसिला’च, म्हणजे गुरुशिष्यांची संघटित परंपराच, नव्हती. परंपरांनी आकार घेतला तो बाराव्या शतकापासून पुढे. बगदादचे अब्दुल कादिर जिलानी (मृत्यू ११६६) यांच्या नावाने कादिरी, बुखाऱ्याचे बहाउद्दीन नक्शबंद (मृत्यू १३८९) यांच्या नावाने नक्शबंदी. चिश्ती हे नाव मात्र अफगाणिस्तानातल्या चिश्त गावाचं. अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींमुळे ते आपल्याला घरचं वाटतं, इतकंच.

खरी मेख बैअतमध्ये, म्हणजे निष्ठेच्या शपथेत आहे. मुरीद (शिष्य) पीराच्या (गुरूच्या) हातात हात देतो आणि त्याला शजरा मिळतो: आपल्या पीरापासून थेट पैगंबरांपर्यंतची गुरुशिष्यांची नावं, एकाखाली एक. बहुतेक शजरे हजरत अलींमार्फत वर जातात, नक्शबंदींचा मुख्य शजरा अबू बक्र यांच्यामार्फत. या नात्यामुळे परक्या मुलखातही आपल्या सिलसिल्याची खानकाह, म्हणजे मठ, भेटली की वाटसरूला छप्पर आणि जेवण मिळे. राज्यं बुडाली तरी हे जाळं टिकलं, कारण ते एका राजावर विसंबून नव्हतं.

राजाशी किती सलगी ठेवायची, यावर मात्र कधीच एकमत नव्हतं. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया सुलतानाच्या दरबारापासून चार हात लांब राहिले. मुलतानचे, सुहरावर्दी सिलसिल्यातले बहाउद्दीन जकारिया यांना ना दरबाराचं वावडं होतं, ना संपत्तीचं. ‘सूफी म्हणजे राजकारणापासून अलिप्त’ हे सरसकट विधान म्हणूनच मला पटत नाही. उस्मानी (तुर्की) साम्राज्याच्या जानिसारी या खड्या सैन्याचं बेक्ताशी संप्रदायाशी इतकं घट्ट नातं होतं की १८२६ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने ते सैन्य मोडलं, तेव्हा बेक्ताशींचे मठही बंद पाडले. लिबियात तर सनुसी संप्रदायाचा प्रमुख इद्रिस १९५१ साली राजाच झाला आणि १९६९ पर्यंत गादीवर होता.

मला सगळ्यात नवल वाटतं ते सेनेगलच्या मुरीद संप्रदायाचं. त्याचे संस्थापक अहमदू बांबा यांनी शस्त्र उचललं नव्हतं, तरी त्यांच्यामागे जमणाऱ्या गर्दीला घाबरून फ्रेंचांनी १८९५ मध्ये त्यांना गॅबनला हद्दपार केलं. ते सात वर्षांनी परतले आणि गर्दी आणखी वाढली. त्यांच्या शिकवणीत कष्टाला मोठं मोल. शिष्य पीरासाठी भुईमुगाची शेती करत आणि ती इबादतीचाच, म्हणजे उपासनेचाच भाग मानत. गंमत म्हणजे फ्रेंचांनाही भुईमूगच हवा होता, त्यामुळे पुढे दोघांचं बऱ्यापैकी जुळलं. बांबांचा १९१३ चा एकच फोटो आज ज्ञात आहे: पांढरा पायघोळ झगा, डोक्याच्या वस्त्राचं टोक तोंडावर ओढलेलं, भर उन्हात डोळे बारीक केलेले. डाकारमध्ये भिंतींवर, दुकानांवर, बसगाड्यांवर तोच चेहरा रंगवलेला असतो.

तुर्कस्तानात उलटं झालं. १९२५ च्या कायद्याने तिथले सगळे मठ बंद झाले. कोन्या शहरातल्या सूफी कवी रूमींच्या समाधीचं १९२७ मध्ये संग्रहालय झालं, आणि त्यांच्या मेवलेवी परंपरेतल्या दरवेशांची (फकिरांची) गिरकी पुढे सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून परत आली. कायदा अजून तोच आहे, फक्त आता त्या गिरकीचं तिकीट मिळतं.